'सेटल्ड' नको, 'क्लोज्ड' हवं

लॉकडाऊननंतर धंदा बसला आणि माझ्या मावसभावाच्या टेम्पोचे हप्ते थकले. वसुलीवाला म्हणाला, ‘निम्म्यात मिटवून टाका.’ वहिनीच्या पाटल्या मोडून भावाने पैसे भरले. सुटलो, असं त्याला वाटलं. 3 वर्षांनी दुकानासाठी कर्ज मागायला गेला, तेव्हा बँकेतल्या बाईंनी स्क्रीन त्याच्याकडे वळवून दाखवली. टेम्पोच्या कर्जापुढे ‘सेटल्ड’ लिहिलं होतं.

हप्ते थकलेल्या प्रत्येकाला या शब्दाचा अर्थ पैसे भरण्याआधी कोणीतरी सांगायला हवा. कर्ज फिटलेलं नाही, उरलेल्या रकमेवर बँकेने पाणी सोडलं, असा तो अर्थ. पुढचा कर्ज देणारा तिथेच थबकतो. जमेल तेव्हा उरलेले पैसे भरून नो ड्यूज सर्टिफिकेट घ्यावं आणि ‘क्लोज्ड’ अशी नोंद करून घ्यावी.

त्याआधी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट वाचा. आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, पण अशा नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या 4 आहेत, आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यात कधी फेडलेलं कर्ज चालू दिसतं, कधी दुसऱ्याचंच आपल्या नावावर असतं. अशी चूक दिसली तर तक्रार करा. ती 30 दिवसांत सुटली नाही, तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. स्वतः रिपोर्ट पाहिल्याने क्रेडिट स्कोअरचे गुण कमी होत नाहीत. घाबरून एकाच आठवड्यात 5 बँकांत अर्ज केले, तर मात्र होतात.

गुण पुन्हा वाढवायला वेळेवर परतफेडीच्या नव्या नोंदी लागतात. पण खराब सिबिलवाल्याला साधं क्रेडिट कार्ड कोण देणार? त्याच्यासाठी मला सर्वांत खात्रीचा वाटतो तो एफडीवरचा कार्डाचा रस्ता. भावाने 20 हजारांची एफडी केली, तिच्या तारणावर कार्ड मिळालं. महिन्याला 4-5 हजारांचं डिझेल त्यावर भरायचं आणि बिल मुदतीआधी पूर्ण चुकतं करायचं. बिलावरच्या ‘मिनिमम ड्यू’ला भुलू नका, उरलेल्या रकमेवर जबर व्याज चढतं. छोटं सोनेतारण कर्जही चालतं, पण हप्ते चुकले तर दागिना लिलावात जातो. पतसंस्थेचं कर्ज घेणार असाल, तर परतफेडीची नोंद या कंपन्यांकडे जाते का, ते आधी विचारा. जात नसेल, तर वेळेवर फेडूनही गुणांत भर पडत नाही.

‘आठ दिवसांत सिबिल वाढवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. खरी नोंद कोणालाच पुसता येत नाही. रिपोर्टात दर महिन्याची हप्त्यांची नोंद 3 वर्षांपर्यंतची दिसते. वेळेवर भरलेले महिने साठत गेले की थकलेले मागे सरकतात. त्याला वेळ लागतो, आणि त्या काळात धीर धरणं फार कठीण असतं, हे मी घरात पाहिलंय.

भावाच्या कार्डाला आता 14 महिने झाले. दुकानाचं कर्ज अजून मिळालेलं नाही. टेम्पोचे उरलेले पैसे त्याने दिवाळीत भरले. गेल्या महिन्यात त्याने मला रिपोर्टाचा फोटो पाठवला. त्यात ‘क्लोज्ड’ या शब्दाभोवती वहिनीने पेनाने गोल केला होता.