शाळा उघडण्याआधी ख्रिस्ती घरानं काय ठरवायचं?

विषय तुम्हीच दिलात, नव्या शालेय वर्षासाठी लेकरांची तयारी. मे संपत आलाय. मराठवाड्यात शाळा जूनच्या मध्यावर उघडते. तिकडे पैनगंगेपलीकडे वाशीमला, म्हणजे विदर्भात, उन्हामुळे उशिरा. २०२५ साली आपल्याकडे १६ जून होता, त्यांच्याकडे २३. आता आपल्यातल्या कितीतरी घरांचं आजोळ तिकडे आहे. मामाची पोरं अजून सुट्टीत आहेत म्हणून आपलं लेकरूही तिकडेच राहतं, आणि पहिला आठवडा बुडतो. पहिल्याच आठवड्यात पुस्तकं वाटली जातात, बाकावरच्या जागा ठरतात, मैत्री ठरते. तेव्हा आजीला काय सांगायचं ते आत्ताच सांगून ठेवा.

दप्तर, वह्या, बूट यांवर मी वेळ घालवणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत पुस्तकं मोफत मिळतात, गणवेश मिळतो, दुपारचा आहार मिळतो. पैशाची ओढाताण जूनमध्ये असतेच. सोयाबीनचं बियाणं आणि लेकराची वही एकाच खिशातून येतात, हे काय मी तुम्हाला सांगायचं.

मला बोलायचंय ते वेगळ्या ओझ्याबद्दल. हिंगोली शहर सोडलं, औंढ्याकडे, सेनगावकडे, कळमनुरीकडे खेड्यात गेलं, की आपलं लेकरू वर्गात बहुधा एकटंच ख्रिस्ती असतं. मग होतं काय, की जे प्रश्न आईबापांनी घरी बसून सोडवायचे, ते सहा वर्षांच्या लेकराला वर्गात उभं राहून सोडवावे लागतात. तुझं खरं नाव काय? तू कोण? तू हात का जोडत नाहीस? ही तयारी दप्तरात भरता येत नाही.

नावापासून सुरू करू. आपल्याकडे घरी एक नाव, बाप्तिस्म्याच्या वेळी दुसरं, आधार कार्डावर तिसरं असं सर्रास दिसतं. मराठी पवित्र शास्त्रात योहान आहे, इंग्रजीत जॉन आहे, आणि आधार काढणाऱ्यानं त्याचं भलतंच काही केलेलं असतं. पूर्वी हे चालून जायचं. आता शाळेची माहिती ऑनलाइन भरली जाते, अपार आयडी काढताना आधारवरचं आणि शाळेतलं नाव जुळावं लागतं. म्हणून पहिलीच्या प्रवेशाला जाण्याआधी जन्माचा दाखला आणि आधार समोरासमोर ठेवा, एकेक अक्षर तपासा. लेकरू शाळेत शिकतंय तोवर नोंद दुरुस्त करणं त्या मानानं सोपं असतं. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर तीच दुरुस्ती फार जड जाते.

त्याच रजिस्टरमध्ये पुढचा रकाना धर्म आणि जात. इथे सभागृह शांत होतं, मला ठाऊक आहे. तरी बोलू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आले नाहीत. अनुसूचित जमातींना धर्माची ही अट नाही, म्हणून आपल्या आंध बांधवांची गोष्ट वेगळी. या आदेशामुळे कित्येक घरांत कागदावर एक आणि रविवारी दुसरं अशी परिस्थिती झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात, बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती आचरण करणाऱ्या आणि फक्त आरक्षणासाठी हिंदू असल्याचं सांगणाऱ्या महिलेचा दावा फेटाळला. मी इथे कोणाला दोष द्यायला उभा नाही. तो आदेश अन्यायाचा आहे असं माझं मत आहे, आणि पोटाचा प्रश्न काय असतो तेही मला कळतं. पण रकान्यात काय लिहायचं हा निर्णय आईबापांनी मिळून, डोळे उघडे ठेवून घ्यावा, शक्यतो जाणत्या वकिलाला विचारून. आणि जे लिहिलंय ते लेकराला त्याच्या वयाप्रमाणे सांगावं. गुरुजींनी भर वर्गात रजिस्टर वाचताना त्याला ते पहिल्यांदा कळू नये.

आता दानीएलाकडे या. ही गोष्ट आपण शब्बाथशाळेत सिंहांच्या गुहेपासून सांगतो, म्हणजे शेवटापासून. मी पालकांना पहिला अध्याय वाचायला सांगतो, कारण तो शाळेचा अध्याय आहे. परक्या राज्यात चार पोरं शिकायला बसवली. भाषा परकी, ग्रंथ परके. नावंसुद्धा बदलली, दानीएलाचा बेल्टशस्सर झाला. (आपल्या आजोबा-पणजोबांना हे नवं वाटलं नसतं. निजामाच्या राज्यात मराठी घरातलं पोर वरच्या वर्गात गेलं की उर्दूतून शिकायचं.) आता बघा, दानीएलानं शाळा नाकारली नाही. खास्द्यांची भाषा नाकारली नाही. त्याला नवं नाव दिलं, तर त्यावरही भांडण केल्याचं तिथे लिहिलेलं नाही. राजाच्या ताटातलं अन्न, एवढ्या एकाच गोष्टीवर त्यानं रेघ ओढली. तीही कशी? कारभाऱ्याला विनंती केली. दहा दिवस करून बघा, मग तुम्ही ठरवा, असं म्हणाला.

आपण काय करतो? एक घर म्हणतं, काही बोलू नको, आपण कोण ते सांगूच नको. दुसरं घर लेकराला प्रत्येक गोष्टीवर रेघ ओढायला शिकवतं: रांगोळी नको, स्नेहसंमेलन नको, मित्राच्या घरची दिवाळी नको. पहिल्या घरातलं लेकरू लपायला शिकतं, दुसऱ्यातलं भांडायला. दोन्ही घरांनी आपला निर्णय लेकराच्या माथी मारलेला असतो.

शाळा उघडली की प्रवेशोत्सव होतो, बऱ्याच ठिकाणी सरस्वतीपूजन होतं, नारळ फुटतो. पुढे गणपती येतात. तुमच्या घराची रेघ कुठे आहे ते जूनच्या आत ठरवा, आणि वर्गशिक्षकांना तुम्ही स्वतः जाऊन भेटा. “सर, आमचं लेकरू रांगेत उभं राहील, शांत राहील, पूजेत हात जोडणार नाही, एवढं सांभाळून घ्या.” बहुतेक गुरुजी ऐकतात. त्यांना आधी कोणी सांगितलेलंच नसतं, एवढंच. कायदाही माहीत असू द्या. संविधानाचं कलम २८, त्यातलं तिसरं उपकलम. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर संमती पालकाची लागते. हेच कलम मिशनच्या शाळेतल्या हिंदू, बौद्ध, मुसलमान लेकरालाही लागू आहे, हे आपणही विसरायचं नाही. पण कलम खिशात ठेवून जा, हातात धरून नको.

(श्रोत्यांतून प्रश्न: सर, सगळी लेकरं प्रसाद घेतात आणि आमचंच नाही म्हणतं. ते एकटं नाही का पडणार?)

ताई, खरा प्रश्न विचारलात. मूर्तीपुढच्या अन्नाबद्दल पौलानं करिंथकरांना लिहिलं, तेव्हा त्या मंडळीतही दोन मतं होती. आपल्यातही आहेत. एखादं घर म्हणेल, खाऊ समजून घे. एखादं म्हणेल, नको. मी माझं मत तुमच्यावर लादत नाही. पण नको असेल तर लेकराला एक छोटं वाक्य द्या आणि घरी दोन-चारदा बोलून घ्या: “बाई, आमच्या घरी घेत नाहीत, राग मानू नका.” मैत्रिणीला वेगळं सांगायचं: “नाताळला तू ये, आमच्याकडे करंज्या असतात.” लेकरू एकटं पडतं ते नाही म्हटल्यामुळे कमी. घरात आपण जे शेजाऱ्यांच्या देवाबद्दल तोंडाला येईल ते बोलतो, ते उचलून ते वर्गात बोलतं, त्यानं जास्त एकटं पडतं. त्याला कुठे ठाऊक, कोणतं वाक्य घरचं आणि कोणतं बाहेरचं? तेव्हा जूनच्या आधी आपली जीभ तपासायची.

आता वाचनाकडे येतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रविवारची शाळा मुळात वाचायला शिकवण्यासाठी निघाली. इंग्लंडात ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सनं १७८० साली ती सुरू केली, कारण आठवडाभर कामाला जाणाऱ्या गरीब पोरांना रविवारच मोकळा असायचा. आपण त्यातली गाणी ठेवली, वाचन सोडलं. ‘असर’चं २०२४ चं सर्वेक्षण सांगतं की देशातल्या सरकारी शाळांत पाचवीच्या निम्म्याहून कमी लेकरांना दुसरीचा मजकूर नीट वाचता येतो. आपली लेकरं त्याला अपवाद आहेत असं समजू नका. आपल्या घरात तर एक जास्तीची फसगत आहे. लेकरू वचन घडाघडा म्हणतं, पुस्तक समोर असतं, आपल्याला वाटतं ते वाचतंय. ते कानानं पाठ केलेलं असतं. आज घरी गेल्यावर वचनाच्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवा आणि विचारा, हे काय आहे? तिथे अडखळलं तर रागावू नका. दुसरी-तिसरीच्या लेकराला आपल्या शास्त्रातली जुनी मराठी आणि जोडाक्षरं जड जातातच. मोठ्यांनाही जायची. पंडिता रमाबाईंनी साध्या बायकांना कळावं म्हणून सोप्या मराठीत आख्ख्या शास्त्राचं भाषांतर केलं, १९२२ साली मरण येईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. तेव्हा सुरुवात बालभारतीच्या मागच्या इयत्तेच्या पुस्तकानं करा. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेआधी एक पान, मोठ्यानं. ते जमलं की मार्कातली एक छोटी गोष्ट.

पहिलीत जाणारं लेकरू असेल तर जिल्हा परिषद शाळेतल्या ‘पहिले पाऊल’ मेळाव्याला आईनं जरूर जावं. तिथे टेबलं मांडलेली असतात, लेकराला उडी मारायला, रंग ओळखायला, वस्तू मोजायला लावतात, आणि घरी काय करून घ्यायचं ते आईला सांगतात. मंडळीतल्या कॉलेजच्या पोरींनी शब्बाथशाळेत तेच केलं तर खर्च शून्य आहे.

दोन गोष्टी पटकन. अल्पसंख्याकांची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून फक्त नववी-दहावीसाठी ठेवली आहे, पहिली-दुसरीसाठी फॉर्म भरून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. आणि आरटीईचा २५ टक्क्यांचा कोटा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू नाही, २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. म्हणजे मिशनची शाळा आपली म्हणून तिथे आरटीईतून जागा मिळेल, या भरवशावर राहू नका.

राहिली ऊसतोडीला आणि वीटभट्टीला जाणारी घरं. त्यांचा जून खरा दिवाळीच्या सुमारास असतो, गाडी निघते तेव्हा. त्यांनी आत्ताच मुख्याध्यापकांना सांगून ठेवावं. गावाजवळ हंगामी वसतिगृह निघणार का ते विचारावं. लेकरू सोबत न्यायचंच असेल तर शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घेऊन जावं, तिकडच्या शाळेला ते दाखवून बसवता येतं. आणि मागे आजीजवळ जी लेकरं राहतात, त्यांचं संध्याकाळचं एक पान कोण ऐकणार, याची नावं महिला मंडळानं आजच लिहून घ्यावीत. पाळकसाहेब, वही आहे ना? मग चहाच्या आधी तेवढं करून घेऊ.