पाण्याआधी दाब जातो

कसाऱ्याला डोंगर सुरू होतो आणि इगतपुरीला पोचेपर्यंत रस्ता जवळपास तीनशे मीटर वर चढलेला असतो. रेल्वेने हा थळ घाट 37 ला 1 अशा चढणीने पार केला आणि गाड्यांना जादा इंजिनं जोडायची प्रथा पाडली. रस्त्यावरच्या गाडीला अशी मदत मिळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण जोर लावत असतं आणि वेग कमी असल्याने रेडिएटरवर येणारा वारा मात्र मंद असतो. मे महिन्यात बॉनेट उघडून, चाकाला दगड लावून उभ्या असलेल्या गाड्या याच चढणीवर दिसतात. ड्रायव्हर घाटाला दोष देतो. नाशिकचा अनुभवी मिस्त्री देत नाही. त्याच्या लेखी बिघाड आधीपासूनच होता, घाटाने तो फक्त उघड केला.

या गाड्यांत आता कॅराव्हॅनची भर पडली आहे. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि गंगापूर धरण, त्र्यंबकेश्वर, वणी या वाटांवर पलंग, ओटा, फ्रिज घेऊन फिरणारी घरं अधूनमधून दिसू लागली. आपल्याकडे अशी गाडी पुष्कळदा ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधतात. बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या टी-1 व्हॅनवरून ही गाडी 1987 मध्ये आणली. कंपनीचं नाव 2005 पासून फोर्स मोटर्स झालं. शिर्डी-त्र्यंबक करणाऱ्या प्रवासी गाड्यांमुळे तिची नस नाशिकच्या गॅरेजांना पाठ आहे. कॅराव्हॅन झाली की मात्र तिच्या दुखण्यांत दोन गोष्टी वाढतात. वजन कायमचं अंगावर असतं, आणि गाडी महिनोन्‌महिने एका जागी उभी राहते. उभ्या गाडीत रबर कडक होतं, पंपाचं सील कोरडं पडतं, आणि सहलीच्या पहिल्याच चढणीला पाणी गळायला लागतं.

शंभर अंशांच्या पुढे

डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जाते आणि उरलेल्यातली बरीचशी कूलंटला वाहून न्यावी लागते. पंप कूलंट ब्लॉक आणि हेडमधून फिरवतो. ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या आसपास थर्मोस्टॅट उघडतो, गरम कूलंट रेडिएटरमध्ये उतरतं, थंड होऊन परत येतं.

या व्यवस्थेचा सुरुवातीचा इतिहास फार ओला आहे. ऑगस्ट 1888 मध्ये बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या. त्या गाडीत पाणी उकळून वाफ व्हायची, तीच तिची थंड होण्याची रीत. त्यामुळे वाटेत मिळेल तिथे पाणी भरत जावं लागलं. 1900 मध्ये विल्हेल्म मायबाख यांनी मर्सिडीजच्या 35 अश्वशक्तीच्या गाडीला आठ हजारांहून अधिक बारीक नळ्यांचा जाळीदार रेडिएटर बसवला. मग सुमारे नऊ लिटर पाण्यावर काम भागू लागलं.

आजच्या गाडीत त्याच्या जोडीला दाब आला. रेडिएटरची टोपी हे कुकरच्या शिट्टीचंच भावंड आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच, त्यामुळे इथे उघड्या भांड्यातलं पाणी 98 अंशांना उकळतं. टोपीने एक बारच्या आसपास जादा दाब धरून ठेवला की तेच पाणी 120 अंशांच्या जवळ जाईपर्यंत उकळत नाही. निम्मं इथिलीन ग्लायकॉल असेल तर मर्यादा आणखी आठ-दहा अंश पुढे सरकते. घाटात इंजिन याच फरकावर जगतं.

म्हणून गळतीचा पहिला तोटा पाण्याचा नसतो. होजला केसाएवढी चीर पडली तर दिवसाला कपभर कूलंट जाईल, पण दाब लगेच उतरेल. टाकी भरलेली दिसते, तरी चढणीवर कूलंट वेळेआधी उकळतं, वाफेचे फुगे हेडमध्ये अडकतात आणि तेवढी जागा तापत राहते. आणखी वाईट म्हणजे पाणी सेन्सरच्या खाली गेलं तर डॅशबोर्डवरचा काटा कधीकधी चढण्याऐवजी खाली येतो, कारण सेन्सर मोकळ्या हवेत लोंबत असतो. ड्रायव्हर निश्चिंत होतो आणि इंजिन भाजतं.

रोज किती?

आडगावच्या ट्रक टर्मिनलपासून पाथर्डी फाट्यापर्यंत कुठल्याही गॅरेजात हे बोलणं साधारण असं सुरू होतं.

"मिस्त्री, गाडी पाणी खातेय."

"रोज किती टाकता?"

"तसं काही नाही मामा, लागेल तेवढं."

या उत्तराने निदान निम्मं अडतं. आठवड्याला पेलाभर कूलंट आणि घाटाच्या एका फेरीत दोन लिटर ही दोन वेगळी दुखणी आहेत. थंड असतानाच कमी होतं की चालवल्यावर, सरळ रस्त्यावर की चढणीला, एसी लावल्यावर की नेहमीच, ही उत्तरं हत्यारांइतकीच कामाची.

कॅराव्हॅनखाली ओल दिसली तर आणखी एक गुंता असतो. त्या गाडीत पाणी अनेक प्रकारचं. एसीचं थेंबथेंब पाणी, पिण्याच्या टाकीचं, सिंकखालच्या सांडपाण्याचं आणि इंजिनाचं. काही गाड्यांत मागच्या हीटरसाठी इंजिनापासून लांब पाइप नेलेले असतात. जितके सांधे जास्त तितक्या गळायच्या जागा जास्त. एसीचं पाणी स्वच्छ आणि वासाविना. कूलंट बोटांत चिकट लागतं, त्याला गोडसर वास येतो आणि वाळल्यावर रंगीत किंवा पांढरट खपली उरते. चव मात्र कधीच घेऊ नये; इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, आणि सांडलेलं कूलंट गोड असल्याने कुत्री-मांजरं चाटतात. म्हणून ते लगेच धुऊन काढावं.

दाब देऊन बघणं

खरी तपासणी सकाळी, इंजिन थंड असताना. आधी डोळ्यांनी बघायचं: होजची टोकं, क्लिपांखालचा भाग, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्यांचा जोड, हीटरचे पाइप आणि वॉटर पंपाच्या पोटाखालचं बारीक भोक. हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर येतं आणि बेअरिंगला ग्रासायच्या आधी खबर देतं. ते ठिबकतंय म्हणून बुजवणारेही भेटतात.

मग हातपंप. रेडिएटरच्या तोंडाला टोपीच्या जागी गेज असलेला पंप बसवायचा, टोपीवर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरायची आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. इंजिन बंद असल्याने फॅनचा वारा थेंब उडवून लावत नाही. पाणी निघतं तिथेच दिसतं. टोपीही त्याच पंपावर वेगळी तपासतात, कारण तिची स्प्रिंग मेलेली असली तर बाकी सगळं शाबूत असूनही गाडी तापते. ट्रॅव्हलरचं इंजिन अर्धं बॉनेटखाली आणि अर्धं केबिनमधल्या कव्हरखाली. कॅराव्हॅनमध्ये त्या कव्हरभोवती गालिचा आणि लाकूडकाम केलेलं असतं. ते आधी सोडवावं लागतं, आणि मजुरीचा मोठा भाग तिथेच जातो.

गेजचा काटा उतरतोय पण बाहेर कुठेच थेंब नाही, तर पाणी आत जातंय. हेड गॅस्केट उडालं असेल तर तेलाच्या टोपीखाली दुधाळ साका दिसतो, थंड इंजिन सुरू केल्याबरोबर वरचा होज दगडासारखा टणक होतो, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत राहतात. खात्रीसाठी निळ्या द्रावणाची नळी तोंडाला लावतात. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये येत असेल तर द्रावणाचा रंग बदलतो. नव्या डिझेल गाड्यांत, विशेषतः एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 इंजिनांत, इंजिनात परत पाठवायचा धूर थंड करणारा ईजीआर कूलर हा आणखी एक संशयित. तो आतून चिरला की कूलंट सायलेन्सरवाटे पांढरा धूर होऊन जातं, जमिनीवर काहीच पडत नाही. तो न तपासता हेड उतरवणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशावर प्रयोग करणं.

दुरुस्ती आणि तोडगे

रस्त्यावरचे तोडगे सगळ्यांना माहीत आहेत: रेडिएटरमध्ये हळद, चिरेवर एम-सील, होजवर सायकलच्या ट्यूबची पट्टी. मुक्कामापर्यंत पोचायला ते चालतात. पण भोक बुजवणारी पूड बारीक नळ्याही बुजवते, आणि पुढच्या घाटात गाडी गळतीवाचूनच तापते.

जुने तांबं-पितळेचे रेडिएटर डाग देऊन सांधता यायचे. रेडिएटरवाला वरची टाकी काढून नळ्यांतून सळई फिरवायचा, मग हवा भरून हौदात बुडवून बुडबुडे शोधायचा. आताचे ॲल्युमिनियमचे आणि प्लॅस्टिकच्या टाक्यांचे. त्यात बहुधा कोअर किंवा अख्खा रेडिएटरच बदलतात. होज बदलताना एकच न बदलता त्याच वयाचे सगळे बदलावेत. हेड उतरवलं असेल तर पट्टी आणि फीलर गेजने ते वाकलंय का पाहायचं, गरज असेल तर फेसिंग करायचं, आणि बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळायचे. अंदाजाने आवळलेलं हेड लवकरच परत गॅरेजात येतं.

नाशिकमध्ये भरायच्या पाण्याचाही प्रश्न आहे. दख्खनच्या काळ्या कातळातून येणारं बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड असतं. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार नळ्यांत थर धरतात. म्हणून कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळावं. निफाडचा पारा थंडीत दोन-तीन अंशांवर येतो, पण इथे कूलंट गोठणं टाळायला लागत नाही. ते लागतं गंज आणि उकळणं रोखायला. हिमाचलकडे निघालेल्या कॅराव्हॅनला मात्र दोन्ही कारणं लागू. रंग पाहून मिसळू नये. हिरवा, लाल, निळा हा प्रत्येक कंपनीचा आपापला हिशेब आहे. आतली रसायनं जुळत नसतील तर गाळ होतो.

कूलंट भरल्यावर हीटर चालू ठेवून हवा काढावी लागते. एअर लॉक राहिला तर नवा पंपही बिघडलेला वाटतो. आणि गाडी गरम असताना टोपी उघडू नये, तापलेल्या ब्लॉकवर गार पाणी ओतू नये. पहिल्या चुकीत हात भाजतो, दुसरीत हेडला तडा जातो.

2027 च्या सिंहस्थात देशभरातून गाड्या नाशिक-त्र्यंबकला येतील आणि त्यांतल्या अनेक रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभ्या राहतील. अशा वेळी वारा शून्य असतो, सगळी भिस्त फॅनवर आणि टोपीने धरलेल्या दाबावर. कॅराव्हॅनवाल्याने निघण्याआधी आठवडाभर एवढं करावं: रोज सकाळी थंड इंजिनावर टाकीची पातळी बघून वहीत लिहावी, किती टाकलं तेही लिहावं. पातळी हलली तर ती वही मिस्त्रीपुढे ठेवावी. दुरुस्तीनंतरही तसंच. चांगला मिस्त्री गाडीला कसारा चढवून आणतो, रात्रभर थंड होऊ देतो, सकाळी पातळी पुन्हा बघतो आणि मगच किल्ली हातात देतो. तेवढी एक रात्र गाडी गॅरेजात ठेवायला गिऱ्हाइकाने कुरकुर करू नये.