सुईचे काम आणि दुकानाचे नाव

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात बाजाराच्या कोणत्याही गावी जा. मेहकर असो, चिखली असो, नाही तर खामगाव असो. शिलाई मशीनचा आवाज कानी पडतोच. एक खोली, एक मशीन, एक कात्री. एवढ्यावर एक घर चालते. पण शेजारी शेजारी दोन दुकाने असतात. यंत्र तेच, कापड तेच. एका दुकानी गिऱ्हाईक वाट पाहत बसते. दुसऱ्याकडे कोणी फिरकत नाही. असे का होते बरे? शिवणाऱ्या हाताला नाव कसे मिळते? हे आज आपण समजून घेऊ.

यंत्र काय करते?

हातसुई आणि मशीनची सुई शेजारी ठेवून पहा. हातसुईचे नेढे मागच्या टोकाला असते. मशीनच्या सुईचे नेढे पुढे, अणीजवळ असते. सारी युक्ती या एका फरकात आहे. मशीनची सुई वरचा दोरा घेऊन कापडाखाली जाते. ती वर येऊ लागली की दोऱ्याचा लहान फास खाली राहतो. त्या फासातून बॉबिनचा दोरा जातो. मग दोन्ही दोरे कापडाच्या मधोमध एकमेकांना धरतात. हीच टीप. वरचा दोरा फार ताणला तर शिवणीला चुण्या पडतात. फार सैल सोडला तर कापडाच्या उलट्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो. दोन्हींचा ताण सारखा असेल, तरच टीप पक्की बसते. संसाराचेही असेच आहे की नाही?

हे यंत्र सुखासुखी आले नाही. फ्रान्स देशात थिमोनिए नावाचा एक शिंपी होता. त्याने 1830 साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले. पेटंट म्हणजे शोध आपला आहे असा सरकारी दाखला. पॅरिस शहरात त्याच्या सुमारे 80 यंत्रांवर सैनिकांचे कपडे शिवले जात. आपले पोट बुडेल या भीतीने तिथल्या शिंप्यांनी 1831 साली ती यंत्रे मोडून टाकली. पुढे अमेरिकेत इलायस हाउ यांनी 1846 साली आणि आयझॅक सिंगर यांनी 1851 साली पेटंटे घेतली. मग हे यंत्र घरोघर गेले.

1924 साली गांधीजींना एकाने विचारले, “तुमचा साऱ्याच यंत्रांना विरोध आहे काय?” गांधीजी नाही म्हणाले. त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचेच उदाहरण दिले. माणसाचे कष्ट वाचवणारे यंत्र त्यांना हवे होते. थोड्यांना श्रीमंत करून पुष्कळांचे काम काढून घेणारे यंत्र नको होते.

हात काय करतो?

यंत्र टीप मारते. पण कापड कसे बेतावे, कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग ठेवावा, हे यंत्राला कुठून कळणार? ते हाताचे आणि डोक्याचे काम. बाळाची कुंची पहा. जुन्या लुगड्यांची गोधडी पहा. चिंध्यांतून नक्षी उभी राहते. एकेक धावदोरा घालून सारे थर एकजीव होतात. पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालायची झूल पहा. लोणार, मेहकरकडच्या तांड्यांवर बंजारा बायांचे जुने फेटिया आणि कांचळी पहा. आरसे, कवड्या आणि रंगीत दोरे यांनी कापड कसे बोलू लागते! असा एक नग दुसऱ्यासारखा होत नाही. मोठ्या कारखान्यात हजार सदरे एका मापाचे निघतात. ते स्वस्त असतात. त्यांच्याशी स्वस्ताईत स्पर्धा करू गेलो तर आपण हरणारच. आपली ताकद वेगळी आहे. गिऱ्हाइकाच्या अंगाचे माप आणि आपल्या हातचे काम, ही ती ताकद.

मजुरी मोजावी

पण इथेच आपले नुकसान होते. बाई म्हणते, “घरचंच तर काम आहे, त्याले काय पैसे धरायचे!” मग हिशेब करून पाहू. समजा, एका झुलीला 300 रुपयांचे कापड लागले. दोरे, आरसे, गोंडे 60 रुपयांचे. काम झाले 4 दिवस. दिवसाची मजुरी 250 रुपये धरली तर मजुरी झाली 1,000 रुपये. म्हणजे झूल पडली 1,360 रुपयांना. ती कोणी 700 रुपयांना मागितली आणि आपण दिली. 700 मधून सामानाचे 360 वजा केले. राहिले 340. चार दिवसांनी भागले की रोजचे 85 रुपये! आपणच आपल्याला फसवले. म्हणून प्रत्येक कामाचे सामान आणि दिवस वहीत लिहून ठेवावे. वही असली की भाव सांगताना जीभ अडखळत नाही.

नाव मिळाले म्हणजे काय होते?

कर्नाटकात बल्लारी जिल्ह्यात सांडूर नावाचे गाव आहे. तेथील बंजारा लोकांना लंबाणी म्हणतात. त्यांच्या बाया आपल्या तांड्यांवरच्यासारखेच भरतकाम करतात. त्या एकत्र आल्या. 2010 साली ‘सांडूर लंबाणी भरतकाम’ या नावाला सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ते नाव कायद्याने राखले गेले. दुसऱ्या कोणी दुसरीकडे केलेला माल त्या नावाने विकू नये, असा त्याचा अर्थ. पुढे 2023 साली हंपी येथे जगातल्या मोठ्या देशांची बैठक भरली. तेव्हा 450 हून अधिक लंबाणी बायांनी केलेल्या 1,755 वस्तू मांडल्या गेल्या. त्या मांडणीची नोंद गिनेस या जागतिक विक्रमांच्या पुस्तकात झाली. टाके तेच होते, जे त्यांच्या आज्या घालत. पण एकत्र आल्यावर त्याच टाक्यांना नाव मिळाले.

कागदाची ओळख

एकट्या दुकानालाही कागदाची ओळख मिळते. पहिली उद्यम नोंदणी. ही पद्धत 1 जुलै 2020 पासून सुरू झाली. तिला फी नाही. आपले दुकान लहान उद्योग आहे, असे तिचे प्रमाणपत्र सांगते. बँकेत कर्ज मागताना ते कामी येते. दुसरी पीएम विश्वकर्मा योजना. ती 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झाली. तिच्यात 18 धंदे घेतले, त्यांत शिंपीकाम आहे. कारागिराला प्रमाणपत्र व ओळखपत्र, काही दिवसांचे शिक्षण आणि त्या काळात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत, आणि पहिल्या वेळी 1 लाखापर्यंत कर्ज 5 टक्के व्याजाने, असे त्या योजनेत ठरले. एका घरातून एकालाच लाभ. अर्जाची पहिली तपासणी ग्रामपंचायत करते. आपल्या धंद्याची नोंदणी सध्या चालू आहे काय, हे आधी ग्रामपंचायतीत किंवा सीएससी केंद्रावर विचारावे.

येथे सावध राहावे. मोबाईलवर ‘मोफत शिलाई मशीन’ असे निरोप येतात. केंद्र सरकारची तशी कोणतीही योजना नाही, असे सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने अनेकदा सांगितले आहे. असा निरोप पाठवणारा आधी फी मागतो, नाही तर मोबाईलवर आलेला आकडा विचारतो. तो आकडा दिला की बँकेतले पैसे गेलेच म्हणून समजा. आपल्याला आता वाचता येते. वाचल्याशिवाय सही करू नये. अंगठा तर मुळीच देऊ नये.

रोजचे चार नियम

कागद भिंतीवर लागला, तरी गिऱ्हाईक टिकते ते कामाने. माप घेताच वहीत लिहावे. दिलेला वायदा पाळावा. उरलेले कापड न मागता परत करावे. काज आणि तुरपाई आतूनही नीट असावी, कारण घरी गेल्यावर बाई कपडा उलटा करूनच पाहते. आणि शिवलेल्या कपड्याला आत आपल्या दुकानाच्या व गावाच्या नावाची लहान पट्टी लावावी. लग्नात एकीने ती कुंची पाहिली की दुसरी विचारते, “कुठं शिवली?” उत्तर त्या पट्टीवर तयार असते.

शिवण संपली की आपण दोऱ्याला गाठ मारतो. गाठ नसली तर चांगले टाकेही उसवतात. आपले काम म्हणजे टाके. वही, पट्टी आणि प्रमाणपत्र म्हणजे गाठ. दोन्ही असू द्यावे.