सायकलची सीट आणि गुडघेदुखी

जाड टायरची, गिअरची सायकल घेतल्यावर महिन्याभरात गुडघा धरून माझ्याकडे येणारे पुष्कळ जण असतात. गोळी लिहून देण्याआधी मी सायकल दाखवायला सांगतो. सीट फार खाली असेल, तर वाटीच्या पुढच्या बाजूस दुखते. फार वर असेल, तर गुडघ्यामागे ताण बसतो आणि कंबर डावी-उजवी हलते.

माप सोपे आहे. भिंतीला धरून सीटवर बसा व टाच पायडलवर ठेवा. पायडल तळाशी असताना पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवला की गुडघा सुमारे २५ ते ३० अंश वाकलेला राहतो. सीटचा दांडा मात्र त्यावरील खुणेपेक्षा वर काढू नये. तो मोडू शकतो. नवा घेताना जाडी तंतोतंत जुळवा. २७.२ मिलिमीटरच्या जागी २७ चा बसवला, तर सीट खाली घसरते.

फ्रेम निवडताना सायकल दोन पायांमध्ये घेऊन उभे राहा. आडवा दांडा व जांघ यांत किमान २ इंच अंतर हवे. मुलांसाठीही ‘पुढे होईल’ म्हणून मोठी फ्रेम घेऊ नका.

सीट नीट करूनही दोन आठवड्यांत दुखणे थांबले नाही किंवा सूज आली, तर डॉक्टरांना दाखवा.