दोन राउटर, एकच रस्ता: स्टॅटिक रूट कसा टाकायचा?

समजा, तळोजा एमआयडीसीतल्या गाळ्यात पुढे ऑफिस, मागे गोडाऊन. दोन्हीकडे वेगळा राउटर, दोन्हीकडे नेट मस्त चालतं. पण ऑफिसच्या वायफायवरून मोबाईलवर गोडाऊनचा कॅमेरा काही दिसत नाही. असं का?

ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१.०, गोडाऊनचं १९२.१६८.२.०. पहिल्या राउटरला दुसरं नेटवर्क माहीतच नाही, म्हणून तो डेटा थेट इंटरनेटकडे ढकलतो. हे खासगी पत्ते तिथे चालत नाहीत.

लोकलने पेंधरला जाणाऱ्याला आपण सांगतो, "बेलापूरला उतर, मेट्रो पकड." स्टॅटिक रूट म्हणजे राउटरला दिलेली अशीच सूचना.

१. गोडाऊनच्या राउटरचा वॅन आयपी १९२.१६८.१.२ आणि गेटवे १९२.१६८.१.१ असा फिक्स करा. नाहीतर लाईट जाऊन आली की पत्ता बदलू शकतो आणि रूट बंद पडतो.

२. ऑफिसच्या राउटरमध्ये 'स्टॅटिक राउटिंग' उघडा. डेस्टिनेशन १९२.१६८.२.०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.२ भरून सेव्ह करा.

३. गोडाऊनच्या राउटरचं नॅट बंद करा आणि फायरवॉलमध्ये १९२.१६८.१.० ला परवानगी द्या. परतीचा रूट वेगळा टाकायची गरज नाही, कारण हा राउटर ऑफिसच्या नेटवर्कला थेट जोडलेला आहे.

आता मोबाईलवरून कॅमेऱ्याच्या आयपीला पिंग करा. उत्तर आलं की जमलं! नंतर गोडाऊनमधलं नेटही तपासा. ते बंद पडलं, तर ऑफिसचा राउटर दुसऱ्या नेटवर्कसाठी नॅट करत नाहीये. मग नॅट पुन्हा चालू करा.