जुनी बाटली, नवी बाटली: वाइनबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. त्याच वर्षी राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुला विनयार्ड्स सुरू केली आणि २००० साली तिथली पहिली वाइन बाजारात आली. नारायणगावची शॅटो इंडाज त्याच्या आधीची, ऐंशीच्या दशकातली. सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण मात्र २००१ चं. म्हणजे महाराष्ट्रातला आजचा वाइन उद्योग साधारण आपल्या जिल्ह्याच्याच वयाचा. वाइनबद्दलच्या समजुती मात्र शंभर वर्षं मुरल्यासारख्या पक्क्या आहेत. पुण्याहून भाचा बाटल्या घेऊन येतो, मित्रमंडळी जमतात आणि झाकण उघडायच्या आधीच कुणीतरी निकाल देऊन टाकतं: जुनी आहे ना, मग भारीच असणार! दोन वयांच्या वाइन शेजारी ठेवून चाखायच्या असतील, तर आधी या समजुती तपासून घेतलेल्या बऱ्या.

गैरसमज: वाइन जितकी जुनी तितकी चांगली.

वस्तुस्थिती: आपल्याकडे जुन्या तांदळाला मान आहे, त्यामुळे हे पटकन पटतं. पण जगात तयार होणारी बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत, फार तर पाच वर्षांत संपवण्यासाठीच केलेली असते. नाशिकच्या सोव्हिन्यों ब्लांक किंवा शेनिन ब्लांक या व्हाइट वाइनची खरी मजा तिच्या ताज्या, फळांच्या वासात असते. ती चार-पाच वर्षं ठेवली, तर तो वास उडून जातो आणि हाती फिकी, थकलेली वाइन येते.

टिकायला वाइनच्या अंगात काहीतरी असावं लागतं: सालीतून आणि बियांतून उतरणारं तुरट टॅनिन, भरपूर आंबटपणा, किंवा साखर. म्हणूनच फ्रान्समधल्या बोर्दोच्या निवडक रेड वाइन, इटलीची बारोलो, पोर्तुगालची पोर्ट या कित्येक दशकं ठेवता येतात. आपल्याकडेही सुलाची ‘रासा’ किंवा अकलूजच्या फ्रतेलीची ‘सेत्ते’ यांसारख्या, ओकच्या लाकडी पिंपांत मुरवलेल्या रेड वाइन काही वर्षं ठेवण्याच्या दृष्टीनेच केलेल्या असतात.

गैरसमज: लेबलवरचं साल म्हणजे बाटली भरल्याचं साल.

वस्तुस्थिती: ते द्राक्षं तोडल्याचं साल असतं. यात एक गंमत आहे. फ्रान्स-इटलीत द्राक्षांची तोडणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. महाराष्ट्रात एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी आणि मग जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी. त्यामुळे लेबलवर एकच साल असलं, तरी नाशिकची वाइन फ्रेंच वाइनपेक्षा सहा-आठ महिन्यांनी मोठी असते. वयांची तुलना करताना हे लक्षात ठेवावं.

गैरसमज: जुनी वाइन जास्त कडक होते, जास्त चढते.

वस्तुस्थिती: द्राक्षातल्या साखरेचं अल्कोहोल यीस्ट करतं आणि नेहमीच्या वाइनमध्ये ते काम बाटली भरण्यापूर्वीच उरकलेलं असतं. बाटलीत अल्कोहोल वाढत नाही. १३ टक्क्यांची वाइन दहा वर्षांनीही १३ टक्क्यांच्याच आसपास असते.

बदलतात त्या गोष्टी वेगळ्या. टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जातात, तोंडाला बसणारी तुरट पकड सैल होते आणि रंगद्रव्यांसह त्यांचा काही भाग तळाशी बसतो. रेड वाइनचा जांभळट लाल रंग विटकरीकडे झुकतो आणि फिकट होतो. व्हाइट वाइनचं उलट होतं, तिचा रंग गडद सोनेरी होत जातो. ताज्या फळांच्या वासाची जागा सुकामेवा, चामडं, तंबाखू, ओली माती असे वास घेतात. जुनी-नवी शेजारी ठेवली की पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा धरून आधी रंगातला फरक बघायचा तो यासाठीच. म्हणजे जुनी वाइन कडक होत नाही, उलट बरेचदा मऊ होते.

गैरसमज: बाटली कपाटात ठेवून दिली की आपोआप मुरते.

वस्तुस्थिती: हिंगोलीकरांनी सर्वांत जास्त लक्ष द्यावं ते इथे. वाइन मुरायला अंधार, स्थिर हवामान आणि साधारण १२ ते १५ अंश तापमान लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालच्या खोलीत तर विचारायलाच नको. अशा उन्हाळ्यात वाइनला शिजल्यासारखी चव येते, आतला द्रव फुगून बूच वर सरकतं. एकच उन्हाळा चांगल्या बाटलीची वाट लावायला पुरतो. म्हणून दुकानात उजेडात, उकाड्यात उभी राहिलेली चार वर्षांपूर्वीची व्हाइट वाइन ‘जुनी’ म्हणून घेऊ नये. ती नुसती शिळी असण्याचीच शक्यता जास्त. घरी वाइनसाठीची खास सोय नसेल, तर बाटली आणावी आणि लवकर उघडावी. उघडलेली बाटली फ्रीजमध्येही दोन-चार दिवसच बरी राहते.

‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा आहे. तिथली खोली म्हणजे १६ ते १८ अंश. आपल्याकडे रेड वाइनही थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवूनच काढावी.

गैरसमज: तळाशी गाळ दिसला म्हणजे वाइन बिघडली.

वस्तुस्थिती: जुन्या रेड वाइनमध्ये गाळ येणं स्वाभाविक आहे आणि त्याने अपाय होत नाही. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी आणि हळूच दुसऱ्या भांड्यात ओतावी, गाळ मागे राहतो. नव्या, तुरट रेड वाइनला तासभर हवा लागू दिली तर ती खुलते. फार जुनी मात्र ओतल्यावर लगेच चाखावी, कारण तिचा नाजूक वास हवेत लवकर विरतो.

गैरसमज: जाणकाराला एका घोटात सगळं कळतं.

वस्तुस्थिती: २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोमधल्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे वास नसलेला लाल रंग घातलेली व्हाइट वाइन ठेवली. त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. डोळे नाकाला फसवतात, तसंच लेबलही फसवतं.

२४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी लेबलं न बघता कौल दिला तो फ्रेंच वाइनऐवजी कॅलिफोर्नियाच्या वाइनना. त्या जुन्या झाल्या की टिकणार नाहीत, असं तेव्हा म्हटलं गेलं. तीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच रेड वाइन पुन्हा चाखल्या गेल्या आणि पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाला मिळाले.

घरच्या बैठकीतही असं लेबल न बघता चाखणं जमतं. एकाच कंपनीची एकच वाइन दोन-तीन वेगवेगळ्या सालांची घ्यावी. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून क्रमांक घालावेत. आधी व्हाइट, मग रेड, आणि सहसा आधी नवी, मग जुनी. ग्लासात ३०-४० मिलिलिटर पुरे. तोंडात घोळवून थुंकणं हा चाखण्याचा रीतसर भाग आहे, त्यात संकोच नको. मध्ये पाणी आणि साधा पाव. ठेचा, मसाल्याचे शेंगदाणे आणि उदबत्ती त्या वेळेपुरती दूर ठेवावी. प्रत्येकाने आपलं मत आधी लिहावं, बोलावं नंतर. नाहीतर मोठ्या आवाजाचा माणूस सगळ्यांची चव ठरवतो.

गैरसमज: वाइन म्हणजे दारू नव्हे, शिवाय ती हृदयाला चांगली.

वस्तुस्थिती: जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हे वाक्य बरंच ऐकू आलं. साधा हिशेब करू. १३ टक्क्यांच्या वाइनच्या १५० मिलिलिटरमध्ये साडेएकोणीस मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ४५ मिलिलिटरमध्ये ते सव्वाएकोणीस. म्हणजे वाइनचा एक ग्लास आणि दीड पेग शरीराला जवळजवळ सारखेच. मद्य हे कर्करोगाचं निश्चित कारण म्हणून १९८८ पासून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत आहे. मद्याचं कोणतंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं. वाइन जुनी असली म्हणून या हिशेबात सूट मिळत नाही.

म्हणून बैठकीला परवाना असावा, पोटात जेवण असावं आणि गाडी चालवणाऱ्याने फक्त वास घ्यावा. जो पीत नाही, त्याला आग्रह करू नये. बाटल्या गुंडाळायला आणि मतं मोजायला त्याच्याइतका निःपक्षपाती माणूस दुसरा मिळणार नाही.