जहाज शेवटच्या बंदराला लागतं, तेव्हा व्हिसा लागतो

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या कितीतरी घरांतली मुलं प्रवासी जहाजांवर नोकरीला आहेत. कुणी भटारखान्यात, कुणी खोल्यांच्या सफाईवर, कुणी इंजिनावर. बऱ्याच कंपन्या कामगाराच्या आईवडिलांना आणि बायकोला सवलतीच्या दरात जहाजावर फिरायला येऊ देतात. मुलगा फोनवर म्हणतो, "आई, तू ये, मी सगळं बघतो." म्हणून आज आपण एक गोष्ट समजून घेऊ: परदेशी बंदरात जहाजाचा प्रवास संपतो, तेव्हा व्हिसा कुठला लागतो?

आधी पासपोर्ट आणि व्हिसा यांतला फरक. पासपोर्ट आपलं सरकार देतं. ही बाई भारताची नागरिक आहे, एवढंच तो सांगतो. व्हिसा दुसरा देश देतो. आमच्या दारात यायला तुम्हाला परवानगी आहे, असं तो सांगतो. जहाजाचं तिकीट म्हणजे व्हिसा नव्हे.

आता एसटीचं उदाहरण घ्या. गाडी वाटेत थांबते, आपण खाली उतरून चहा पितो आणि परत आपल्या जागेवर येऊन बसतो. शेवटच्या स्थानकावर मात्र पिशव्या घेऊन उतरावं लागतं. जहाजाचंही तसंच असतं. वाटेतल्या काही बंदरांत प्रवासी दिवसभर फिरून संध्याकाळी परत येणार असतील, तर काही देश सवलत देतात. काही देश तीही देत नाहीत. पण शेवटच्या बंदरात आपण सामानासकट उतरतो. जहाज आपल्याला सोडून निघून जातं. त्या क्षणी आपण त्या देशात विमानाने आलेल्या कुठल्याही पाहुण्यासारख्याच असतो. दोन तासांनी लगेच परतीचं विमान असलं, तरी विमानतळापर्यंतचा रस्ता त्या देशातूनच जातो. म्हणून तिथला व्हिसा लागतो.

युरोपचं उदाहरण बघू. तिथल्या 29 देशांचा मिळून एक व्हिसा आहे, त्याला शेंगेन व्हिसा म्हणतात. स्पेन, फ्रान्स, इटली, ग्रीस हे सगळे त्यात येतात. जहाज स्पेनच्या बार्सिलोनाहून निघालं, इटलीच्या नेपल्सला थांबलं आणि ग्रीसच्या पिरेअस बंदरात संपलं, तर या एका व्हिसावर काम भागतं.

पण हेच जहाज मधे तुर्कस्तानच्या कुशादासीला गेलं तर? तुर्कस्तान या 29 देशांत नाही. म्हणजे आपण शेंगेनच्या बाहेर पडलो आणि पिरेअसला पुन्हा आत आलो. व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल, तर तो जत्रेतल्या पाळण्याच्या तिकिटासारखा असतो. एकदा खाली उतरलं की संपला. अशा वेळी अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा लागतो. आणि प्रवास इस्तंबूललाच संपणार असेल, तर तुर्कस्तानचा वेगळा व्हिसा हवा.

शेंगेनचा अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहायचं आहे त्या देशाकडे करतात. दिवस सारखेच असतील तर जिथे आधी पोचायचं तिथे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी करावाच लागतो. पण 15 दिवसांवर ठेवू नका. दोन-तीन महिने हाताशी असू द्या. निदान 30,000 युरोचा प्रवासविमा लागतो. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि तिथून निघाल्यानंतरही किमान तीन महिने चालणारा हवा.

अमेरिकेबद्दल एक गैरसमज असतो. तिथून निघून तिथेच परत येणाऱ्या बऱ्याच सफरींना पासपोर्टशिवाय, नुसत्या जन्मदाखल्यावर चालतं, असं कुणी सांगेल. ती सोय अमेरिकेच्या नागरिकांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. मुलाकडे खलाशाचा व्हिसा असतो, तोही फक्त त्याचा. आईला, बायकोला पर्यटकाचा व्हिसा स्वतःच्या नावाने काढावा लागतो. सिंगापूरला प्रवास संपत असेल, तर तिथलाही व्हिसा भारतीयांना आधीच काढावा लागतो.

मुंबई ते गोवा जहाजाने गेलात तर व्हिसाचा प्रश्नच नाही, कारण आपण देशातच आहोत. लक्षद्वीपला मात्र प्रवेशाचा परवाना लागतो.

कागद अपुरे असले तर काय होतं? बहुतेक वेळा मुंबईच्या विमानतळावरच अडवतात. व्हिसा नसलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड होतो आणि त्याला परत आणावं लागतं, म्हणून त्या आधीच तपासतात. जहाजावरही चढू देत नाहीत. आणि कागद पुरे ठेवणं ही प्रवाशाचीच जबाबदारी, असं तिकिटाच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. त्यामुळे भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत. गटाकडून कर्ज काढून किंवा मुलाच्या पगारातून साठवलेले ते पैसे असतात.

म्हणून पैसे भरण्याआधी एक कागद घ्या. जहाज कुठल्या कुठल्या बंदरांना लागणार, ते तारखेसकट क्रमाने लिहा. प्रत्येक बंदरापुढे देशाचं नाव लिहा. शेवटच्या बंदराखाली रेघ ओढा. परतीचं विमान वाटेत कुठे बदलायचं असेल, तर तेही लिहा, कारण काही देशांत त्यालाही परवानगी लागते. मग जहाज कंपनीला आणि त्या त्या देशाच्या वकिलातीला किंवा व्हिसा केंद्राला विचारा. नियम बदलतात, त्यामुळे शेजारणीला गेल्या वर्षी चाललं, ते यंदा चालेलच असं नाही. एजंटाने "होऊन जाईल" म्हटलं, तर ते लेखी मागा.

आणखी एक. आपल्याकडे माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर असतं. विमानाचं तिकीट, जहाजाचं तिकीट आणि व्हिसाचा अर्ज, तिन्हींवर पासपोर्टवर आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगने घाला.

गटातल्या कुणाच्या घरी असा प्रवास ठरत असेल, तर पुढच्या बैठकीत तो बंदरांचा कागद सगळ्यांनी मिळून वाचा. चार डोकी बसली की सुटलेली गोष्ट सापडते.